बेटावरची वाकडी रेल्वे

राजाजीनगर, बेंगळुरू
रविवार, २ मार्च

चि. ऋचा हिस,

अनेक आशीर्वाद.

मायन्यातच एक कागद वाया गेला. सवयीने 'चि. सौ.' लिहून बसले आणि मग त्या 'सौ.'कडे बघत राहिले. खोडावं तर पहिल्याच ओळीत खाडाखोड, ठेवावं तर खोटं. शेवटी दुसरा कागद घेतला. चिरंजीव मात्र कोर्टाच्या निकालाने बदलत नाही, ते तेवढं राहू दिलंय.

तुझा निरोप येऊन तीन आठवडे झाले. जूनमध्ये इकडे याल का, असं तू विचारलंस, आणि व्हिसासाठी मला जे आमंत्रणपत्र पाठवायचं त्यात नातं काय लिहू, असंही विचारलंस. मी ते वाचलं हे तुला कळलं असेलच, त्या निळ्या खुणा काही लपत नाहीत. पण उत्तर द्यायला फोन हातात घेतला की वाटतं, तिकडे तुला 'टायपिंग' दिसत असणार, मग थांबलेलं दिसत असणार, मग पुन्हा टायपिंग. म्हणजे माझ्या फजितीचं थेट प्रक्षेपणच. त्यापेक्षा कागद बरा. कागदासमोर माणूस कितीही वेळ पेन चावत बसलं तरी समोरच्याला पत्ता लागत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. ह्यांचा गुडघा थंडीत कुरकुरत होता, आता उन्हाळ्यातही कुरकुरायला लागलाय, त्यामुळे हवामानाला दोष देण्याची सोय गेली. खालच्या मजल्यावरची भाग्यलक्ष्मी तुझी आठवण काढते. तिच्या मांजरीला लस टोचायला आता घरची जनावरांची डॉक्टर नाही, तीन किलोमीटर रिक्षाने न्यावं लागतं आणि मांजर रिक्षाभर ओरडतं. आमच्याकडे पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतो. मल्लेश्वरमला आठव्या क्रॉसच्या बाजारगल्लीत जाणं मी कमी केलंय, तिथे आता पायी चालायचं म्हणजे फुलवाल्यांच्या टोपल्या, स्कूटर आणि देव यांच्यातून वाट काढायची.

आणि हो, मी तुझ्या रेल्वेचा अभ्यास केला.

हसू नकोस. मागच्या हिवाळ्यात तू फोटो पाठवला होतास, घरापासून प्रयोगशाळेपर्यंत तू रोज चालत जातेस त्या पायवाटेचा. दोन्हीकडे बर्फ, मध्ये कुणाच्या तरी बुटांचे ठसे, आणि खाली एकच ओळ, 'ही पूर्वी रेल्वे होती.' आयुष्यभर ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसलेल्या बाईला असं अर्धवट वाक्य पाठवायचं नसतं. निवृत्त झाले तरी खोड जात नाही. गेले तीन महिने मी त्या रेल्वेच्या मागे आहे, जुने नकाशे, वेळापत्रकं, कुणाकुणाच्या आठवणी. तू तिथे राहून तुला यातलं निम्मंही माहीत नसणार, म्हणून मला सांगायची हौस भागवू दे.

तर तुझं ते प्रिन्स एडवर्ड आयलंड, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ते कॅनडात नव्हतंच. शेजारच्या प्रांतांनी मिळून कॅनडा नावाचा संसार मांडायचं ठरवलं, त्याची पहिली बोलणी झाली ती तुझ्याच शार्लटटाउनला. ह्या लोकांनी पाहुणचार यथासांग केला आणि लग्नाला नकार दिला. आम्ही आमचे बरे आहोत म्हणाले. मग १८७१ साली त्यांना रेल्वे हवीशी झाली. स्वतःची, बेटापुरती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्यांनी कंत्राट दिलं मैलावर. दर मैलाला इतके. आणि एकूण मैल किती व्हायचे हे कागदावर घालायचं राहूनच गेलं, असं सांगतात. आता कंत्राटदार तरी काय करणार? टेकडी आली की वळसा, ओढा आला की वळसा, वजनदार माणसाचं गाव आलं की वळसा आणि वर एक स्टेशन. दोन-अडीच मैलांवर एकेक स्टेशन झालं. नकाशात ती रेघ बघ कधीतरी, भाग्यलक्ष्मीच्या मांजरीने लोकरीचा गुंडा ओढत नेल्यासारखी दिसते. चालत्या गाडीतून उतरून शेतातली बोरं तोडून पुन्हा त्याच गाडीत चढता यायचं, असले विनोद जगातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल असतात, हिच्याबद्दलही आहेत.

दोन वर्षांत बेट कर्जात बुडालं आणि ज्यांना नको म्हटलं होतं त्यांच्याच दारात जाऊन उभं राहावं लागलं. कॅनडाने सांगितलं, रेल्वे आमच्या गळ्यात घाला आणि तुम्ही या. १८७३ साली गेले. एका वाकड्या रेल्वेपायी अख्खं बेट सासरी गेलं बघ.

हे रूळ साडेतीन फुटांचे होते. आपल्या जुन्या मीटरगेजपेक्षा जेमतेम तीन-चार बोटं जास्त. हे वाचलं आणि मला मिरज स्टेशन आठवलं. माझं लग्न झालं तेव्हा पुण्याकडून येणारी मोठी गाडी मिरजेला संपायची आणि पलीकडच्या फलाटावर बेंगळुरूची छोटी गाडी उभी असायची. भर दुपारी आमचं वऱ्हाड ट्रंका, वळकट्या, लाडवांचे डबे आणि मला घेऊन या गाडीतून त्या गाडीत चढलं. माझ्या मावशीने त्या अरुंद डब्याकडे बघून म्हटलं, "प्रतिमा, इथून पुढे जरा आवरून बस गं बाई." मी पुढची कितीतरी वर्षं आवरूनच बसले होते.

तुझ्या बेटाचीही तीच पंचाईत. मुख्य भूमीवरचे डबे मोठे, यांचे रूळ बारीक. १९१७ साली डब्यांसकट गाडी वाहून आणणारी बोट सुरू झाली, आणि मोठ्या डब्यांनाही बेटावर चालता यावं म्हणून त्यांनी जुन्या दोन रुळांशेजारी तिसरा रूळ टाकला. लहान गाडी जुन्या दोन रुळांवरून, मोठी बाहेरच्या दोन. काही वर्षं दोघीही एकाच वाटेवरून चालत होत्या. मग हळूहळू सगळंच मोठं करून टाकलं. त्यानंतर मोटारी आल्या, बटाटे ट्रकने जायला लागले, उतारू संपले. १९८९ संपता संपता रेल्वे बंद झाली. रूळ उपटून नेले, आणि राहिली ती तुझी पायवाट.

आता तू म्हणशील, झालं, आता तात्पर्य येणार. येणार नाही. मला तात्पर्यांची चीड आहे हे तुला माहीत आहे. आज इथेच थांबते, टँकरवाला भोंगा वाजवतोय.

बुधवार

काल ह्यांनी न विचारता वरचं सगळं वाचलं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "प्रतिमा, तुला पण मैलावर देतात का गं?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"म्हणजे तीन पानं झाली आणि अजून तू टेकडीला वळसाच घालतेयस. तिने विचारलंय काय, तू सांगतेयस काय!"

मी चिडले. मग हे कंत्राटदाराची बाजू घ्यायला लागले. जन्मभर रेल्वेचे डबे बनवण्याच्या कारखान्यात ड्रॉइंग केलेल्या माणसाला कंत्राटदार कळतो म्हणे. यांचं म्हणणं, तो नुसता लबाड नव्हता. सरकारने मैलामागे ठरवून दिलेल्या रकमेत डोंगर फोडणं आणि पूल बांधणं बसतच नव्हतं, मग तो वळसा घालणार नाही तर काय करणार! "वळणं घेणारा प्रत्येक जण लुच्चा नसतो," म्हणाले, "काही जणांच्या हातात सुरुंगच नसतो." आणि चहा मागितला.

तेव्हा आता सरळ लिहिते. जमेल तितकं.

पुष्करचं लग्न ठरलंय. मे महिन्यात, रजिस्टर पद्धतीने, घरातली पंधरा-वीस माणसं. मुलीचं नाव शिवलीला, धारवाडची, त्याच्याच ऑफिसात आहे. पुष्कर तुला स्वतः कळवणार म्हणतो आणि रोज उद्यावर ढकलतो. तुम्ही दोघं वेगळे झालात त्याला येत्या एप्रिलमध्ये वर्ष होईल. तुला तिथली जागा मिळाली, त्याला इथली सोडवेना, दोन वर्षं दोघांनी दोन्हीकडून ओढून बघितलं. भांडलाही नाहीत धड. भांडला असतात तर मला कुणावर तरी रागावता आलं असतं. ही बातमी माझ्या अक्षरात तुझ्याकडे जावी असं मला वाटत होतं, आणि जाऊच नये असंही वाटत होतं. असो, लिहिली.

मुलगी चांगली आहे. हे लिहिताना मला तुझ्याशी फितुरी केल्यासारखं वाटतंय, पण ती चांगली आहे त्याला मी काय करू? गेल्या रविवारी तिला घेऊन साडीसाठी मेट्रोने चिकपेटला गेले. दुकान तेच, आपलं मंजुनाथचं. दुसरीकडे जायला हवं होतं हे मला पायरी चढल्यावर सुचलं. मंजुनाथने बैठकीवर पांढरी चादर झटकली, मला बसायला दिलं, इकडेतिकडे बघितलं आणि मोठ्या प्रेमाने विचारलं, "एनम्मा, सोसे बर्लिल्वा?" सून नाही का आली! चार साड्यांसाठी तू त्याला शंभर घड्या मोडायला लावल्या होत्यास, तो तुला कसा विसरेल?

मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागले. तेवढ्यात शिवलीलाच हसून पुढे झाली. "नान री, होसा सोसी," म्हणाली. मीच हो, नवी सून. तिच्या त्या धारवाडी कन्नडवर मंजुनाथ इतका खूश झाला की त्याने पुढचं काही विचारलंच नाही, "सरी सरी" म्हणत इरकलचा ढीग काढला. मी मात्र तिथे बसून एका साडीचा काठ उगाच चिमटीत धरून होते. परत येताना मेट्रोत शिवलीलाने मला विचारलं, "अत्ती, निमगे बेजार आत्येन री?" वाईट वाटलं का तुम्हाला, असं. मी नाही म्हटलं. तिला ते खोटं आहे हे कळलं, आणि तिने पुन्हा विचारलं नाही, एवढ्यावरून मी तिला पास केलं.

ती मला अत्ती म्हणते. त्यांच्याकडे सासूला अत्ती. छान शब्द आहे, माझं काही म्हणणं नाही.

पण आता घरात मला आई म्हणणारा एकटा पुष्करच उरला. आणि तो आठवड्यातून दोनदा फोन करतो आणि 'हं, बोल' म्हणतो.

ऋचा, तुझ्या निरोपाचा पहिला शब्द 'काकू' होता.

हे मला तीन आठवडे लिहिता येत नव्हतं. बाकी सगळं, बेट आणि रूळ आणि मिरज, हे त्याच्यावर टाकलेलं पांघरूण. आठ वर्षं तू मला आई म्हणालीस. निकाल लागला त्या संध्याकाळीही तू फोनवर "आई, जेवलात का?" असंच विचारलंस. आणि मग मधले महिने तू संबोधनच गाळायला लागलीस, ते माझ्या लक्षात आलं होतं. 'नमस्कार' म्हणून सुरुवात करायचीस. मी म्हटलं, असेल, घाईत असेल. आणि आता काकू.

मला फार लागलं. काकू म्हणजे कोण? दारावर हळदीकुंकवाला आलेली काकू. शेजारची काकू. मैत्रिणीची आई काकू, बँकेत रांगेत पुढे सरका हो काकू. ज्या बाईचं नाव माहीत नाही आणि केस पांढरे आहेत ती काकू. पुष्करची बायको नाहीस म्हणून तू मला आई म्हणायचं नाही हा नियम कुणी केला, आणि केलाच असेल तर मला आधी विचारायला नको का? आणि मग त्याच निरोपात विचारतेस, नातं काय लिहू! तूच तर पहिल्या शब्दात लिहून मोकळी झाली होतीस.

म्हणून मी उत्तर दिलं नाही. जूनमध्ये यायचं तर कोण म्हणून यायचं? तुझ्या घरात पाहुणी काकू होऊन सोफ्यावर बसायचं, चहा आयता घ्यायचा, आणि चार दिवसांनी 'बरं येऊ का' म्हणायचं? त्यापेक्षा न आलेलं बरं, असं मी ठरवलं होतं. नकार कसा लिहायचा याचे शब्दही जुळवून ठेवले होते. गुडघ्याचं कारण ठेवलं होतं, तेही ह्यांच्या गुडघ्याचं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "जा की. उगाच कशाला?" ह्यांना काय, ह्यांना तू अजूनही बाबाच म्हणतेस. शब्दकोडं अडलं की फोटो पाठवतेस, हे मला माहीत आहे. बाबांनी कुठलं कंत्राट मिळवलंय कोण जाणे.

शनिवार

परवा हे पत्र टाकायला निघाले होते. नकाराचा परिच्छेद तेवढा लिहायचा बाकी होता, तो पोस्टात उभ्याने लिहू म्हटलं. जिन्यात भाग्यलक्ष्मी भेटली, कढीपत्ता निवडत पायरीवर बसली होती. हातातला लिफाफा बघून म्हणाली, "ऋचाला? अय्यो, कागदाचं पत्र?" आणि माझ्या तोंडाकडे बघून कढीपत्त्याचं सूप बाजूला ठेवलं. तिला सगळं सांगावं लागलं. सांगितलं म्हणजे काय, जिन्यात बसून रडले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पायरीवर.

ती म्हैसूरकडची, तिला आपला शब्द कळेना. "काकू अंद्रे एनु?" म्हणाली. काकू म्हणजे काय? मी म्हटलं, कन्नडात चिक्कम्मा.

"चिक्कम्मा? चिक्क म्हणजे लहान. लहान आई." तिने आपलं मोडकंतोडकं मराठी लावलं. "हागाद्रे अम्माने अल्वा? मग आईच की ती. रडतेस कशाला?"

मी म्हटलं, बाई, तुझ्या कन्नडात ती लहान आई असेल. मराठीत काकू म्हणजे सगळ्या गावची.

भाग्यलक्ष्मीने थोडा विचार केला. मग तिने जे विचारलं ते मला तीन आठवड्यांत सुचलं नव्हतं, नवऱ्याला सुचलं नव्हतं. तिने विचारलं, "सरी. पण नीवु म्हणते, का नीनु म्हणते?"

तुम्ही म्हणते, का तू म्हणते?

मी तोंड उघडलं, तुम्ही म्हणते, सासूला कोण तू म्हणतं, असं सांगायला. आणि मग फोन काढला. तुझा निरोप मी इतक्यांदा वाचला होता की पाठ झाला होता असं मला वाटत होतं. तो इथे उतरवून काढते, तू लिहिलास तसा:

'काकू, कशी आहेस? जूनमध्ये इकडे ये ना. मी सुट्टी काढते. तेव्हा वाटेच्या कडेला ल्युपिन फुललेले असतात, जांभळे, तुला बघायलाच हवेत. जमेल तेवढं चालू, थकलीस की बसू. व्हिसासाठी पत्र मी पाठवेन, त्यात नातं काय लिहू तेवढं सांग. नाही जमलं तर नाही, पण उत्तर दे.'

कशी आहेस. ये ना. तुला. थकलीस. दे.

या पत्राचं पहिलं पान काढून बघितलं. मी तिथे लिहिलंय, 'याल का, असं तू विचारलंस.' तू असं लिहिलंच नव्हतंस गं! तू 'ये ना' म्हणाली होतीस. पहिल्या शब्दाला मी अशी ठेचकाळले की पुढचं सगळं सवयीनेच वाचत गेले, आणि तुझ्या प्रत्येक वाक्याला माझ्या हाताने 'तुम्ही' लावत गेले. आयुष्यभर लोकांना सांगत आले, संदर्भ मूळ प्रतीवरून तपासावा, आठवणीवरून देऊ नये. आणि स्वतः हे.

तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तुला म्हटलं होतं, मला तू म्हण. तुझ्या आईला पुण्यात तू म्हणतेस, मग मलाच कशाला बहुवचन? तू प्रयत्न केलास. "आई, तू... तुम्ही... चहा घेणार?" असं म्हणालीस आणि आपण दोघी ओट्याशी हसत बसलो, चहा उतू गेला. मग मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पुढच्या सगळ्या वर्षांत तुझ्या तोंडून मला एकदाही तू आलं नाही. 'आई' म्हणायचीस आणि पुढे अदबीने क्रियापद. माझ्या सासूबाईंना मी असंच म्हणत होते. त्या गेल्या तोपर्यंत आमच्यात ते 'तुम्ही' होतं. मला त्यांच्याबद्दल कितीतरी माया होती, ती त्यांच्याजवळ जाऊन कधी बसली नाही.

आणि तू काय केलंस? तो लग्नाबरोबर आलेला शब्द ठेवून दिलास आणि त्याच्या जागी स्वतःला म्हणता येईल असा एक शब्द घेतलास. लहानपणी तुमच्या पुण्याच्या चाळीत तू कुणाच्या तरी घरी न विचारता शिरायचीस, डब्यातला लाडू घ्यायचीस आणि "काकू, तू केलास?" असं विचारायचीस, ते तूच मला सांगितलं होतंस. मला ही गोष्ट माहीत असून मला बँकेतली रांग आठवली. इतकी कशी मी मूर्ख!

की मी पुन्हा माझ्याच मनाचं वाचतेय? असेल. चुकत असेन तर सांग, पण लगेच सांगू नकोस, चार दिवस मला असंच राहू दे.

जिन्यात मी ते भाग्यलक्ष्मीला वाचून दाखवलं, मराठीच. तिला शब्द कळले नाहीत, पण 'आहेस', 'ये ना' हे कळलं. "नीनु," एवढंच म्हणाली आणि पुन्हा कढीपत्ता घेऊन बसली.

काल पुष्कर आला होता. त्याला सांगितलं, जूनमध्ये मी ऋचाकडे जाणार आहे. मला वाटलं, आता काहीतरी मनाला लागेल असं बोलेल. मग म्हणाला, "बूट चांगले घे. तुझ्या त्या चपलांवर जाऊ नकोस." आणि त्याच संध्याकाळी मला घेऊन जाऊन घेऊनही दिले. राखाडी आहेत, पोरकट दिसतात. आज सकाळी मी ते गच्चीवर घालून फिरले, हे खुर्चीवर बसून मैल मोजत होते आणि वरचेवर वळायला सांगत होते. हे येणार नाहीत, गुडघा खरंच दुखतो.

तेव्हा आमंत्रणपत्र पाठव. नात्याच्या जागी इंग्रजीत आंट लिही, त्यांना त्यात काय कळायचंय ते कळू दे. लग्नाचं जेवण झालं की मी मोकळी आहे. मला सोफ्यावर बसवून ठेवायचं नाही. सकाळचा चहा मी करणार, तुझ्या स्वयंपाकघरात डबे कुठे आहेत ते मी न विचारता शोधणार, आणि नाही सापडले तर ओरडणार. त्या रेल्वेचा सगळ्यात वाकडातिकडा भाग कुठला ते आधी विचारून ठेव, मला तोच चालायचाय, घाई नाही.

हे पत्र पोचायला पंधरा दिवस लागतील. तोवर तू काळजी करत बसशील म्हणून आज फोनवर दोन शब्द पाठवते आहे, 'येते गं'. बाकीचं हे इथे आहे.

तुझी,
काकू